काळीत बांधलेलं घर

आमच्या स्वयंपाकघराचं दार जुलै लागला की चौकटीत अडकायचं. खांद्यानं ढकलल्याशिवाय लागायचं नाही. सुतार दोन वेळा रंधा मारून गेला. मग मार्च-एप्रिलमध्ये त्याच दाराला वरच्या अंगाला बोट जाईल एवढी फट पडायची. सगळ्यांचं म्हणणं एकच, लाकूड आहे, पावसाळ्यात फुगणारच. मलाही ते पटलं होतं. फुगत होती ती घराखालची माती, हे कळायला मला नऊ वर्षं लागली. त्या नऊ वर्षांत आम्ही भिंतींवर जो खर्च केला तो सगळा वाया गेला. इतरांचा तसा जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमचं गाव वाळवा तालुक्यात, आष्ट्यापासून जवळ, कृष्णेच्या काळ्याभोर पट्ट्यातलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लग्न होऊन आले तेव्हा आम्ही गावठाणातल्या जुन्या घरात राहायचो. दोन-अडीच फूट जाडीच्या मातीच्या भिंती, वर कौलं, खाली शेणानं सारवलेली जमीन. सासऱ्यांना आम्ही सगळे आण्णा म्हणतो. त्यांच्या आजोबांनी बांधलेलं ते घर. भिंतीचे पोपडे निघायचे, पण आरपार भेग मी कधी पाहिली नाही.

२०११ साली आम्ही गावाबाहेर, आमच्याच रानाच्या कडेला नवीन घर बांधलं. गावठाणात जागा उरली नव्हती, वाटण्या होऊन खोल्यांचे तुकडे झाले होते. आण्णा तेव्हा एकच वाक्य बोलले होते, "पोरांनो, ही काळी हाय. पांढरी न्हवं." आमच्या पिढीला काळी आणि पांढरी हे शब्द सातबाराच्या गप्पांपुरते माहीत. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. जुन्या माणसांनी गाव वसवताना पांढरीची उंचवट्याची जागा निवडली आणि काळीत नांगर घातला. गावठाणाची ती माती पिढ्यान्‌पिढ्या राख, राडारोडा, चुना मिसळत गेलेली, पायांनी तुडवून घट्ट झालेली. ती पाण्यानं काळीसारखी फुगत नाही. आण्णांना हे सगळं ठाऊक होतं, पण त्यांना ते असं मांडून सांगता आलं नाही, आणि आम्हीही थांबून विचारलं नाही.

ज्यांनी आमचं काम घेतलं ते कंत्राटदार म्हणाले, चार फूट पाया बास झाला, डबराचा भक्कम घालू, वर विटांची भिंत, स्लॅब टाकू. आम्ही सिमेंटचा ब्रँड पाहिला, विटा वाजवून पाहिल्या, स्लॅबची सळई मोजून घेतली. पण पायाचा चर खणला तेव्हा खालून काय निघालं ते कोणी वाकून पाहिलं नाही. चार फुटांवरही तीच काळी माती होती, वरच्यासारखीच. मुरूम लागला नव्हता. त्यावर सोलिंग करून पाया वर आणला. जोत्याच्या पातळीला काँक्रीटचा सलग पट्टाही घातला नाही. तेवढे पैसे वाचले म्हणून आम्ही खूशच होतो.

पहिली भेग २०१३ च्या मे महिन्यात दिसली. नैर्ऋत्येच्या खोलीत, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी स्लॅबकडे गेलेली. सुरुवातीला केसासारखी. पावसाळ्यात ती जवळजवळ मिटली, म्हणून आम्ही विसरलो. पुढच्या उन्हाळ्यात ती परत आली आणि विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढली. मग स्वयंपाकघराचा ओटा भिंतीपासून सुटला. हॉलच्या फरशीवर मुलानं गोटी ठेवली तर ती मधून निघून भिंतीकडे घरंगळत जायची. मुलाला गंमत वाटायची. मला रात्री झोप लागायची नाही.

२०१४ आणि २०१७ अशा दोन वेळा आम्ही भेगा बुजवल्या. पहिल्यांदा गवंड्यानं पांढरं सिमेंट भरलं. दुसऱ्यांदा एका दुकानदाराच्या सांगण्यावरून महागडा भराव आणि वर पुट्टी, रंग. दोन्ही वेळा भेग शेजारून नवीन वाट काढून आली. दुसऱ्या वेळी तर भरावच भिंतीला घातक ठरला, हे मला नंतर कळलं. उन्हाळ्यात भेग उघडी असताना ती कठीण मालानं भरून टाकली. पावसाळ्यात माती फुगून भिंत मिटायला गेली तर मिटायला जागाच नाही. मग शेजारच्या विटा चिरडल्या.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या घरात पाणी शिरलं नाही, पण सभोवतालच्या रानात आठवडाभर उभं होतं. पाणी ओसरल्यावर घरातलं एकही दार धड लागेना. आणि पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे लॉकडाऊनच्या काळात, तीच जमीन वाळायला लागली तेव्हा नैर्ऋत्येच्या भेगेतून मला बाहेरचा उजेड दिसला. एप्रिलची दुपार होती. पलंगावर बसून वह्या तपासत होते आणि भिंतीवर उजेडाची एक रेघ पडलेली दिसली. उठून हात लावला तर गरम हवा आत येत होती.

तेव्हा मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण झाली. चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता, पुढे सांगलीच्या वालचंद कॉलेजातून सिव्हिल झाला, आता मातीपरीक्षण आणि पायाच्याच कामात आहे. प्रवास सुरू झाल्यावर, २०२१ च्या जानेवारीत तो आला. मी त्याला भेगा दाखवायला लागले तर तो भिंतीकडे एकदा बघून बाहेर गेला आणि घराभोवती फिरत राहिला. पन्हाळीचं पाणी कुठं पडतं, न्हाणीचं पाणी कुठं जातं, शेजारच्या उसाला पाणी कसं देतात, गुलमोहर किती वर्षांचा, हेच विचारत होता. मग म्हणाला, "बाई, भेगा नंतर बघू. आधी घराभोवतीचं पाणी बघूया."

त्यानं दोन गोष्टी केल्या. भिंतीपासून थोड्या अंतरावर माणूस उतरेल असा खड्डा घेतला आणि त्याच्या तळातून हाताच्या ऑगरनं आणखी खाली भोक पाडत नेलं. साडेबारा फुटांपर्यंत काळी माती. मग फूटभर पिवळट माती, त्यात चुनखडीचे खडे. चौदा फुटांच्या आसपास मुरूम. आमचा पाया चार फुटांवर, म्हणजे घर साडेआठ फूट काळ्या मातीवर तरंगत होतं म्हटलं तरी चालेल.

खड्ड्यात उतरून त्यानं एक मोठं ढेकूळ फोडून माझ्या हातात दिलं. फुटलेल्या बाजूवर तिरकी चमक होती, कोणीतरी ओल्या हातानं घासून गुळगुळीत केल्यासारखी, त्यावर बारीक समांतर ओरखडे. माती फुगते तेव्हा तिला वर, बाजूला सरकायला जागा हवी असते. मग मातीचे ठोकळे एकमेकांवर घासत सरकतात आणि अशी चमक येते. मी शेतकऱ्याच्या घरातली. आयुष्यभर ही माती पायाखाली घातली, पण ती चमक कधी पाहिली नव्हती. घर हलत होतं याचा पुरावाच हातात आल्यासारखं वाटलं.

ही माती अशी का वागते, ते त्यानं मला शाळेतल्या पोरीला समजवावं तसं सांगितलं. आपला दख्खनचा काळा दगड, बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो कुजून झिजून ही माती झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर. त्याचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांच्या थप्प्या. वहीची पानं भिजली की वही जाड होते, तसं पाणी या पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि त्यांना दूर लोटतं. पाणी उडून गेलं की पापुद्रे परत जवळ येतात, माती आकसते आणि रानात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला, शाळूला, हरभऱ्याला हीच माती ओल धरून ठेवते, म्हणून ती सोन्यासारखी. घराच्या पायाला मात्र तिचा हाच गुण नडतो.

लॅबमध्ये त्यानं मला मुद्दाम बोलावलं. एक साधी चाचणी दाखवली, ती विसरणं शक्य नाही. भट्टीत वाळवलेली आणि ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली दहा ग्रॅम माती एका काचेच्या मापनळीत, तेवढीच दुसऱ्या मापनळीत. एकीत रॉकेल ओतलं, दुसरीत पाणी. काचेच्या कांडीनं ढवळून हवा काढली आणि चोवीस तास ठेवून दिलं. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, म्हणून ती मूळ मापाची राहते. दुसऱ्या दिवशी रॉकेलच्या नळीत माती १० मिलिलिटरच्या खुणेवर बसली होती. पाण्याच्या नळीत २२ वर. म्हणजे मूळ आकाराच्या १२० टक्के जास्त. भारतीय मानकांप्रमाणे ५० टक्क्यांच्या आतली माती कमी फुगणारी, १०० च्या वरची जास्त फुगणारी धरतात. दोन्ही नळ्या शेजारी उभ्या होत्या आणि त्या पाण्याच्या नळीकडे बघताना मला आमचं स्वयंपाकघर दिसत होतं.

पण माती फुगणारी आहे एवढ्यानं घर फुटत नाही, हे त्यानं मला पुन्हा पुन्हा सांगितलं. सगळं घर एकदम बोटभर वर उचललं गेलं आणि एकदम खाली बसलं, तर एकही भेग पडणार नाही. एक कोपरा वर आणि दुसरा खाली गेला की भिंत फाटते. आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं. ईशान्येला स्वयंपाकघराच्या कोपऱ्याला लागून शोषखड्डा, त्यात न्हाणीचं आणि मोरीचं पाणी बारा महिने. तो कोपरा सतत फुगलेला. नैर्ऋत्येला भिंतीपासून पंधरा फुटांवर गुलमोहर. उन्हाळ्यात त्याची मुळं पायाखालची ओल ओढून घ्यायची आणि तो कोपरा खाली बसायचा. पूर्वेला चुलत दिराचा ऊस, पाटपाणी थेट आमच्या भिंतीलगतच्या सरीतून. आणि घराच्या मधोमध, फरशीखाली, ऊन नाही, वारा नाही, म्हणून जमिनीची ओल वर येऊन तिथंच अडकलेली. मिस्त्रीच्या पाण्याच्या पारदर्शक नळीनं आम्ही लेव्हल घेतली, तर हॉलचा मध्य कडेपेक्षा २८ मिलिमीटर उंच निघाला. गोटी घरंगळायची ती यामुळे.

भेगेचं तोंड कुठं रुंद आहे ते बघायलाही त्यानं शिकवलं. नैर्ऋत्येची भेग वर रुंद, खाली निमुळती, म्हणजे तो कोपरा बाहेर कलत खाली चाललाय. कोपरा खालून वर उचलला जातो तेव्हा बहुधा उलट, भेग खाली रुंद असते. स्वयंपाकघराच्या खिडकीखालची तशी होती.

मग तो म्हणाला, निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा आपण फक्त मोजायचं. भेगेच्या दोन्ही बाजूंना पोलादी खिळे ठोकले, खिळ्यांच्या डोक्यावर बारीक ठिपका टोचला. दोन ठिपक्यांमधलं अंतर बरोबर १०० मिलिमीटर. मोजायला मी शाळेच्या कंपासपेटीतला डिव्हायडर वापरला. दोन टोकं दोन ठिपक्यांवर ठेवायची, मग तसाच उचलून पोलादी पट्टीवर धरायचा. दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी शाळेत जायच्या आधी. भिंतीवर पेन्सिलीनं तारीख आणि आकडा. अशा चार जागा होत्या.

नैर्ऋत्येचे आकडे माझ्या तोंडपाठ आहेत. जानेवारीत १००. एक मार्चला १०१ च्या थोडं पुढे. एक जूनला १०४. जुलैत पाऊस लागला, पुन्हा पूर आला, आणि एक ऑक्टोबरला ९७.५. म्हणजे साडेसहा मिलिमीटरचा हेलकावा. भिंत श्वास घेत होती म्हणा. ह्यांना सुरुवातीला वाटायचं मी उगीच जीवाला घोर लावून घेतेय. एक ऑक्टोबरचा आकडा दाखवला तेव्हा ते काही बोलले नाहीत, खिळ्यांवरून बोट फिरवत उभे राहिले. त्या संध्याकाळी त्यांनीच कामाचा विषय काढला.

काम कधी करायचं, याचं उत्तर मला सगळ्यात जास्त आवडलं. मला वाटलं होतं उन्हाळ्यात, सगळं कोरडं असताना. तो म्हणाला, "बाई, वाफशावर करायचं." उन्हाळ्यात माती पुरती आकसलेली असते. तेव्हा घराभोवती पाणी अडवलं तरी खालून ओल चढून ती पुढे फुगणारच. भर पावसाळ्यात केलं तर पुढे आकसणार. पावसाळा सरून माती ना चिकट ना कोरडी अशी असते, तेव्हा घराभोवती झाकण घालायचं, म्हणजे तीच मधली ओल वर्षभर टिकते. पेरणीला लागतो तोच वाफसा. आण्णा बाजेवर बसून ऐकत होते. त्यांनी लगेच मान हलवली. एवढ्या वर्षांत इंजिनिअरची भाषा त्यांना कळेल असं पहिल्यांदा झालं.

कार्तिकात काम सुरू झालं. पहिला दिवस शोषखड्डा बुजवण्यात गेला. न्हाणीचं, मोरीचं पाणी बंद पाइपातून तीस फूट लांब, उताराच्या बाजूला नेलं. पाइपाच्या सांध्यांवर त्यानं फार बारकाईनं लक्ष दिलं, कारण माती हलली की कडक सांधा उखडतो, आत गळती सुरू होते आणि ती दिसतही नाही. स्लॅबचं पाणी आधी चार कोपऱ्यांतल्या नळांतून थेट पायाशी पडायचं, तेही पाइपात घेऊन ओढ्याकडे सोडलं.

मग घराभोवती सहा फूट रुंदीचा पट्टा अडीच फूट खोल खणला. तेही सगळीकडं एकदम नाही, तुकड्या-तुकड्यानं, पाया उघडा पडू नये म्हणून. निघालेली काळी माती ट्रॉलीनं रानात टाकली. त्या जागी मुरूम, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसानं ठोकलेला. इथं गवंड्याचं आणि त्याचं वाजलं. गवंडी म्हणाला, वाळू भरू, सोपी पडते, दबते पण चांगली. तो म्हणाला, वाळू अजिबात नको. वाळूतून पाणी झरझर खाली जाईल आणि काळ्या मातीच्या भांड्यात साचून राहील, आपणच पायाशी हौद बांधल्यासारखं होईल. मुरूम चिकट हवा, पण फुगणारा नको. काळ्या मातीवरच्या कालव्यांसाठी आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी हेच तत्त्व मांडलं होतं, चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा जाड थर, तो खालच्या काळीला दाबून धरतो आणि तिचं फुगणं आटोक्यात आणतो. मुरमावर जाड प्लॅस्टिकचा कागद, त्यावर घरापासून बाहेर उतार दिलेलं काँक्रीट. भिंत आणि काँक्रीट यांच्यामधे फट ठेवून ती डांबरानं भरली. दोन्ही जोडून टाकलं असतं तर पट्टा हलताना भिंतीलाही ओढलं असतं.

पूर्वेच्या उसाचा प्रश्न पैशाचा नव्हता, नात्याचा होता. चुलत दिरांना दहा फूट ऊस मागं घ्यायला आणि तिकडून पाट बंद करायला सांगायचं कसं? मी स्वतः गेले. त्यांना घरात आणून खिळे दाखवले, भिंतीवरचे आकडे दाखवले. बराच वेळ बघून म्हणाले, "वैनी, माझ्या पाण्यानं तुमचं घर हलतंय हे मला आधी का न्हाई सांगितलंसा?" त्यांनी पुढच्या लावणीला ठिबक केलं आणि आमच्या बाजूच्या दोन सऱ्या सोडल्या. तरीही कडेला पाच फूट खोल अरुंद चर काढून त्यात प्लॅस्टिकचा उभा पडदा सोडला आणि चर परत दाबून भरला, म्हणजे रानातली ओल आडवी सरकून येणार नाही.

गुलमोहराचं मात्र मला जड गेलं. आत्याबाईंनी लावलेलं झाड, त्या गेल्यानंतर आम्हाला त्याच्या सावलीचीच सोबत. ह्यांनी ठरवलं होतं, उद्याच तोडायचं. त्यावर तो एकदम ठामपणे नाही म्हणाला. एवढं मोठं झाड एका दिवसात तोडलं की मुळांनी वर्षानुवर्षं कोरडी ठेवलेली माती हळूहळू पाणी पिऊन फुगायला लागते. खाली बसलेला कोपरा मग उलट वर उचलला जातो आणि हे काही वर्षं चालू राहू शकतं. म्हणून दर वर्षी फांद्या कमी करायच्या, झाड लहान ठेवायचं, आणि झाड व घर यांच्यामधे मुळं अडवणारा तसाच चर. झाड अजून आहे. आता ते पूर्वीसारखं घरावर ओणवत नाही, फुलंही कमी येतात. नवीन घर बांधणाऱ्याला मी आता हमखास सांगते, काळीत झाड लावा, पण ते जेवढं उंच होणार तेवढं तरी घरापासून लांब.

हॉलची फरशी काढून खालची दोन फूट काळी माती उपसली, मुरूम ठोकला, काँक्रीट करून फरशी पुन्हा बसवली. या सगळ्याला महिना-सव्वा महिना लागला आणि तीन लाखांच्या थोडं वर खर्च आला. बांधतानाच मुरमापर्यंत गेलो असतो तर एवढा लागला नसता.

आणि मग भेगा तशाच ठेवल्या. पूर्ण २०२२ साल. लोक यायचे, एवढा खर्च केलात आणि भिंत तशीच, असं म्हणायचे. मी डिव्हायडर घेऊन दर एक तारखेला उभी. जूनला १०२, ऑक्टोबरला ९९. साडेसहाचा हेलकावा तीनवर आला होता. फोनवर आकडे सांगितले तेव्हा माझा आवाज भरून आला. पलीकडून तो म्हणाला, आता शिवू.

खरंच शिवणंच होतं ते. २०२३ च्या जानेवारीत भेगेच्या दोन्ही बाजूंना हात-दीड हात, दर चार थरांनंतर विटांच्या आडव्या सांध्यातला माल खरवडून काढला, त्यात ८ मिलिमीटरची सळई आडवी बसवून न आकसणाऱ्या ग्राउटनं भरली. सुटलेल्या विटा बदलल्या. वर जाळी ठोकून गिलावा. उभ्या भेगेवर आडवे टाके. गवंडी आमच्याच गावचे, वयानं मोठे, काम झाल्यावर भिंतीवर हात थोपटत म्हणाले, "आक्का, आतापत्तुर नुसतं लिंपण करत हुतो, जखम आतनंच व्हती."

त्याच वर्षी धाकट्या दिरांनी आमच्या शेजारीच घर काढलं. जागा तीच, माती तीच. यावेळी आम्ही आधी माती तपासली. माझ्या त्या विद्यार्थ्यानं अंडर-रीम्ड पाइलचा, म्हणजे तळाशी फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या खोल खांबांचा, पाया सुचवला. ही पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं विकसित केली, आपल्यासारख्या काळ्या मातीसाठीच. ३० सेंटिमीटर व्यासाचं भोक पंधरा फूट खाली मुरमात उतरवायचं. मग एक खास हत्यार आत सोडून फिरवायचं, त्याची पाती उघडतात आणि तळाशी अडीच पट रुंद फुगा कोरतात, म्हणजे ७५ सेंटिमीटरचा. सळईचा पिंजरा सोडून काँक्रीट ओतलं की कांद्यासारखा तळ होतो. वरची माती फुगून खांब उपसायला गेली तरी तो कांदा खाली अडकून राहतो. खरा आधार खाली, जिथं ऋतूंचा पत्ताच नाही. काळ्या मातीत ओलीची ही वर्षभराची उलथापालथ वरच्या काही फुटांतच चालते.

भोक नीट झालं का हे बघायची रीत बघण्यासारखी होती. काँक्रीट ओतायच्या आधी मिस्त्रीनं आरसा धरून उन्हाची तिरीप भोकात सोडली. पंधरा फूट खाली तळाचा फुगा लख्ख दिसला, पिवळसर मुरूम आणि त्यावर हत्याराच्या पात्यांचे गोल ओरखडे. घरातल्या सगळ्यांनी ओळीनं वाकून पाहिलं. आण्णांना दोघांनी धरून उभं केलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मुरूम लागला व्हय एकदाचा."

पाइलच्या डोक्यावरून जोत्याचा बीम नेला, पण तो जमिनीला टेकवला नाही. बीमखाली चार बोटं मोकळी जागा, म्हणजे माती फुगून वर आली तर त्या पोकळीत फुगेल, बीमला धक्का देणार नाही. गवंड्याला ते काही केल्या पटेना, रिकामी जागा म्हणजे कच्चं काम असं त्याला वाटायचं. दोनदा त्यानं ती मातीनं भरली आणि दोनदा आम्ही उकरून काढली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नकाशावर ही पोकळी असते आणि जागेवर ती हटकून भरली जाते. मालकानं स्वतः उभं राहून हात घालून बघावी.

आता कोणी पायाचा चर खणायला घेतला असं कळलं की मी रस्त्यात थांबते. चराच्या तळाची माती चिमटीत घेते. ओली असताना बोटाला साबणासारखी बुळबुळीत लागली आणि वाळल्यावर दगडासारखी कडक होऊन तडकली, तर घरमालकाला गाठून सांगते, अजून खाली जा, किंवा निदान माती तपासून घे. काहीजण ऐकतात. एका शेजाऱ्यानं ऐकलं नाही, त्याच्या खिडकीच्या कोपऱ्यात यंदा केसासारखी रेघ आली आहे. त्याला मी चार खिळे आणि जुना डिव्हायडर देऊन आले.

आमच्या कोठीच्या खोलीतली एक भेग न शिवता ठेवली आहे, खिळ्यांसकट. २०२५ च्या एक जूनला तिथला आकडा १००.५ आला. पेन्सिलीनं लिहिला, वर तारीख टाकली आणि दार ओढून घेतलं. दार लागलं.